हृदय आणि रक्ताभिसरण: रक्त कसे फिरते आणि ते समजल्याने काय फरक पडतो

"डॉक्टर, माझं हृदय फक्त ६० टक्केच चालतंय ना?"

नेरुळच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न वर्षातून किमान पाच-सहा वेळा येतो. शेवटचा विचारला तो साठीतल्या एका काकांनी. मुलाच्या आग्रहाखातर त्यांनी आरोग्य तपासणीचे पॅकेज घेतले होते. त्यातल्या टूडी इकोच्या रिपोर्टवर "एलव्हीईएफ ६०%" असे लिहिले होते. शाळेतल्या गुणपत्रिकेप्रमाणे त्यांनी ते वाचले आणि शंभरातले चाळीस टक्के हृदय निकामी झाले असा अर्थ काढला. तीन आठवडे त्यांनी सकाळचे फिरणे बंद ठेवले होते. जिना टाळायचे, गावी जाणे रद्द केले होते, रात्री झोप नव्हती. मुलाने अँजिओग्राफीचा खर्च विचारून ठेवला होता. रिपोर्ट संपूर्ण नॉर्मल होता.

याच्या नेमका उलटा अनुभवही येतो. छातीत खरोखर काही बिघडलेले असते आणि माणूस दोन दिवस "गॅस झालाय" म्हणून ओवा-सोड्यावर काढतो. दोन्ही ठिकाणी मूळ अडचण एकच. हृदय नेमके काय करते, हे आपण सातवी-आठवीत पाठ केलेले असते, पण स्वतःच्या शरीराशी ते कधी जोडून पाहिलेले नसते. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहीत आहे.

हृदय कुठे असते आणि केवढे असते?

नाटक-सिनेमात माणसे डाव्या बाजूला हात ठेवतात. प्रत्यक्षात हृदय छातीच्या जवळजवळ मध्यभागी, छातीच्या हाडाच्या मागे असते. त्याचे खालचे टोक डावीकडे झुकलेले असते आणि ठोका तिथे जास्त जाणवतो, म्हणून ते डावीकडे आहे असे वाटते. हे लक्षात ठेवण्याचे कारण व्यावहारिक आहे. "दुखतंय मधोमध, डावीकडे नाही, म्हणजे हृदयाचं नसणार" हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकले आहे आणि ते चुकीचे आहे.

हृदयाचा आकार साधारण आपल्या बंद मुठीएवढा आणि मोठ्या माणसात वजन २५० ते ३५० ग्रॅम. हा पूर्णपणे स्नायू आहे, पण दंडाच्या स्नायूसारखा थकणारा नाही. आत चार कप्पे असतात. वरच्या दोघांना अलिंद म्हणतात आणि खालच्या दोघांना निलय. जुन्या पुस्तकांत शिकलेल्यांना कर्णिका आणि जवनिका हे शब्द आठवत असतील, अर्थ तोच. उजवे आणि डावे कप्पे यांच्यामध्ये पडदा असतो. जन्मानंतर उजवीकडचे रक्त डावीकडच्या रक्तात थेट मिसळत नाही.

एक पंप नव्हे, दोन पंप

हृदयाला आपण एक पंप म्हणतो, पण ते शेजारी-शेजारी चिकटलेले दोन पंप आहेत. दोघे एकाच वेळी आकुंचन पावतात, मात्र दोघांची कामे वेगळी.

उजव्या अलिंदापासून सुरुवात करू. सगळ्या शरीराला प्राणवायू देऊन आलेले, गडद लाल रक्त दोन मोठ्या नीलांतून इथे येते. एक डोके आणि हातांकडून, दुसरी पोट आणि पायांकडून. तिथून ते उजव्या निलयात उतरते. उजवा निलय ते फुप्फुसांकडे ढकलतो. फुप्फुसात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, प्राणवायू आत येतो आणि रक्त चमकदार लाल होऊन डाव्या अलिंदात परतते. तिथून डाव्या निलयात, आणि डावा निलय ते महारोहिणीत फेकतो. महारोहिणीला फाटे फुटत फुटत रक्त मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचते.

फुप्फुसे हृदयाच्या अगदी शेजारी असतात आणि त्यांच्या रक्तवाहिन्या सैल असतात, त्यामुळे उजव्या निलयाला फारसा जोर लावावा लागत नाही. त्याची भिंत तीन ते पाच मिलिमीटर जाड असते. डाव्याला संपूर्ण शरीर सांभाळायचे असते, म्हणून त्याची भिंत साधारण एक सेंटिमीटर जाड असते. रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला राहिला तर ही डावी भिंत आणखी जाड होते, जिमला गेलेल्या माणसाच्या दंडासारखी. फरक असा की दंडाचे कौतुक होते आणि हृदयाच्या बाबतीत हा आजार ठरतो. जाड झालेली भिंत कडक होते, नीट सैल होत नाही आणि भरतानाच अडते. रिपोर्टवर "एलव्हीएच" लिहिलेले असेल तर ते हेच.

हृदयाकडून निघणाऱ्या रक्तवाहिनीला रोहिणी किंवा धमनी म्हणतात आणि हृदयाकडे येणारीला नीला किंवा शीर. व्याख्या दिशेवरून आहे, रक्ताच्या रंगावरून नाही. बोलताना मात्र आपण सगळ्यालाच "नस" म्हणतो. हृदयाची नस ब्लॉक झाली ती रक्तवाहिनी, कंबरेतली नस दबली ती मज्जातंतू, आणि मानेत नस चढली तो बहुधा स्नायू. या एका शब्दामुळे दवाखान्यात जेवढा गोंधळ होतो तेवढा दुसऱ्या कशाने होत नसेल. रुग्णाने "नसेचा प्रॉब्लेम आहे" म्हटले की मला दहा मिनिटे कोणती नस ते शोधण्यात घालवावी लागतात.

रक्त फिरते हे कसे कळले?

रक्त गोल फिरते ही आज साधी गोष्ट वाटते. पण युरोपात सुमारे दीड हजार वर्षे वैद्य ग्रीक वैद्य गेलनचे मत मानत होते. अन्नापासून यकृतात रक्त तयार होते, ते शरीरभर जाते आणि अवयव ते वापरून टाकतात, असे ते मत. आपल्या नवी मुंबईच्या पाण्यासारखे. मोरबे धरणातले पाणी भोकरपाड्याला शुद्ध होते, नळाने घरी येते, वापरले जाते आणि गटारात जाते. ते पुन्हा मोरबेला जात नाही. रोज नवे पाणी लागते.

इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या मताला साध्या गुणाकाराने धक्का दिला. एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडते याचा त्यांनी मुद्दाम कमी अंदाज धरला आणि अर्ध्या तासातल्या ठोक्यांनी त्याला गुणले. उत्तर शरीरात असलेल्या एकूण रक्तापेक्षा जास्त आले. एवढे रक्त अर्ध्या तासात अन्नातून तयार होणे शक्य नाही. म्हणजे तेच रक्त पुन्हा पुन्हा येत असले पाहिजे. फुप्फुसातून जाणारा अर्धा रस्ता त्याआधी तेराव्या शतकात अरब वैद्य इब्न अल-नफीस यांनी लिहून ठेवला होता.

आजचे आकडे घालून हा गुणाकार आपण करून पाहू. विश्रांतीत मिनिटाला ७० ठोके आणि प्रत्येक ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त. म्हणजे मिनिटाला जवळजवळ पाच लिटर. मोठ्या माणसाच्या शरीरात रक्तही पाच लिटरच्या आसपासच असते. थोडक्यात, बसल्या जागी अंगातले सगळे रक्त मिनिटाभरात एक फेरी मारते. दिवसाचे ठोके एक लाख आणि ढकललेले रक्त सात हजार लिटर. उन्हाळ्यात सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा, त्याचा जवळपास पाऊण भाग. हे काम तीनशे ग्रॅमचा स्नायू एका दिवसात करतो.

हार्वे यांचा एक प्रयोग घरी करण्यासारखा आहे. हात खाली सोडून मनगटाजवळची एक फुगलेली नीला निवडा. तिच्यावर एक बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने त्या जागेपासून कोपराच्या दिशेने रक्त पुसल्यासारखे ढकला. दुसरे बोट उचलले तरी बऱ्याच जणांत मधला भाग रिकामाच राहतो, वरून रक्त खाली येत नाही. पहिले बोट उचलले की ती खालून पटकन भरते. नीलांमध्ये असलेल्या झडपा रक्ताला फक्त हृदयाच्या दिशेने जाऊ देतात, म्हणून असे होते. नीला त्वचेतून निळ्या-हिरव्या दिसतात तो प्रकाशाचा खेळ आहे. आतले रक्त लालच असते, फक्त गडद.

हार्वे यांना एक दुवा सापडला नव्हता. रोहिणीतले रक्त नीलेत जाते कसे? त्यांच्या पुस्तकानंतर तेहतीस वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीच्या मार्चेल्लो मालपीगी यांना सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात केसाहूनही बारीक रक्तवाहिन्या दिसल्या. याच केशवाहिन्या. काही ठिकाणी त्या इतक्या अरुंद असतात की लाल पेशींना एकामागोमाग एक, अंग चोरून जावे लागते. खरी देवघेव इथेच होते. मधुमेहात डोळे, मूत्रपिंड आणि पाय यांना त्रास होतो त्यामागे याच बारीक वाहिन्यांचे नुकसान मोठ्या प्रमाणात असते.

मग ६० टक्के म्हणजे काय?

आता त्या काकांच्या रिपोर्टकडे येऊ. डावा निलय पूर्ण भरतो तेव्हा त्यात साधारण १२० मिलिलिटर रक्त असते. ठोक्यात तो त्यातले ७० बाहेर टाकतो आणि ५० आत उरते. ७० भागिले १२० म्हणजे ५८ टक्के. हाच इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे ईएफ. कोणतेही निरोगी हृदय शंभर टक्के रिकामे होत नाही, व्हायची गरजही नाही. साधारण ५५ ते ७० टक्के हा आकडा नॉर्मल मानतात. ४० च्या खाली गेला तर तो कमी आणि त्यावर चांगली औषधे आहेत.

काकांना हे कागदावर चौकोन काढून दाखवले. त्यांचा पहिला प्रश्न: "मग हे रिपोर्टवर मराठीत का लिहीत नाहीत?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

पण इथे एक सावधगिरी हवी. ईएफ नॉर्मल आहे म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. टूडी इको हृदयाचे आकुंचन आणि झडपा दाखवतो. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत अडथळा आहे का, हे त्यातून थेट दिसत नाही. साठ टक्के ईएफ असलेल्या माणसालाही हार्ट अटॅक येऊ शकतो. शिवाय भिंत कडक झाल्यामुळे होणाऱ्या हार्ट फेल्युअरमध्ये ईएफ नॉर्मल असूनही दम लागतो. वयस्कर, जाड आणि बीपी असलेल्या बायकांमध्ये हा प्रकार बराच दिसतो आणि "वयामुळे होतंय" म्हणून सुटून जातो.

झडपा आणि ठोक्याचा आवाज

हृदयात चार झडपा असतात, दोन अलिंद आणि निलयाच्या मध्ये आणि दोन निलयाच्या बाहेरच्या तोंडाशी. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा "लब-डब" हा मुख्यतः त्या बंद होतानाचा आवाज. झडप नीट उघडत नसेल किंवा गळत असेल तर मधे फुसफुस ऐकू येते, तिला मर्मर म्हणतात.

आपल्याकडे मायट्रल, म्हणजे डावीकडची वरची झडप बिघडण्याचे एक जुने कारण आजही आहे: ऱ्हुमॅटिक ताप. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे घसा दुखतो, बरा होतो आणि दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन एकामागून एक सांधे सुजतात. सांधे बरे होतात, पण झडपेवर व्रण राहतो. पुढे पंचविशीत, बऱ्याचदा पहिल्या बाळंतपणात, दम लागू लागला की तो उघडकीस येतो. अशा मुलांना दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. मूल अगदी धडधाकट दिसते, इंजेक्शन दुखते, म्हणून आईवडील मध्येच थांबवतात. कृपया थांबवू नका. ते इंजेक्शन पुढचा ऱ्हुमॅटिक ताप टाळण्यासाठी असते.

ठोका सुरू कोण करतो?

मेंदू नाही. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात पेशींचा एक छोटा समूह असतो, सायनस नोड. तो स्वतःहून मिनिटाला ६० ते १०० वेळा वीज सोडतो. ती आधी दोन्ही अलिंदांत पसरते, मधल्या एका ठाण्यावर सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी थांबते आणि मग निलयांत उतरते. त्या थांब्यामुळे अलिंदांना रक्त खाली ढकलायला वेळ मिळतो. मेंदूकडून येणारे मज्जातंतू फक्त वेग कमी-जास्त करतात.

याचा सर्वात स्पष्ट पुरावा म्हणजे हृदय प्रत्यारोपण. भारतातले पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण आपल्या परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये केले. दक्षिण आफ्रिकेत जगातले पहिले प्रत्यारोपण होऊन तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते. तो रुग्ण काही तासच जगला. शरीराने परके हृदय नाकारू नये यासाठीची प्रभावी औषधे यायला अजून बराच अवकाश होता. देशातले पहिले यशस्वी प्रत्यारोपण दिल्लीच्या एम्समध्ये १९९४ साली झाले. मुंबईत हे काम पुन्हा सुरू झाले ते ऑगस्ट २०१५ मध्ये, पुण्याहून आणलेले हृदय मुलुंडच्या रुग्णालयात बसवले गेले तेव्हा. वाहतूक थांबवून अशी धावपळ का करतात? काढलेले हृदय साधारण चार तासांत बसवावे लागते. ते काढताना मज्जातंतू तुटतात, तरी नव्या छातीत ते स्वतःच्या विजेवर धडधडते. फक्त मेंदूचा ब्रेक नसल्यामुळे त्याचा विश्रांतीतला वेग थोडा जास्त, मिनिटाला नव्वद ते एकशेदहाच्या आसपास राहतो.

ईसीजी म्हणजे या विजेचा आलेख. एवढेच. तो काढला त्या दहा सेकंदांत वीज कशी वाहत होती ते सांगतो. "मागच्या महिन्यात ईसीजी नॉर्मल होता" याला आजच्या दुखण्यात काहीही अर्थ नाही.

बीपीचे दोन आकडे

डावा निलय आकुंचन पावतो तेव्हा रोहिण्यांत दाब साधारण १२० पर्यंत चढतो. मग निलय सैल होतो, त्याच्यातला दाब जवळजवळ शून्यावर येतो. तरी रोहिणीतला दाब ८० च्या खाली का जात नाही? कारण महारोहिणी रबरासारखी आहे. ठोक्याच्या वेळी ती फुगते आणि दोन ठोक्यांच्या मध्ये आकसत रक्त पुढे ढकलत राहते. वयानुसार ती कडक होते. मग वरचा आकडा वाढतो आणि खालचा तसाच राहतो किंवा उतरतो. सत्तरीच्या आजींचे बीपी १७०/७० येते ते यामुळे. "खालचं तर नॉर्मल आहे" म्हणून वरचा आकडा सोडून देण्याची पद्धत जुनी झाली. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना धोका वरच्या आकड्याचाही असतो.

हा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. इंग्लंडचे एक धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या रोहिणीत काचेची उभी नळी जोडली होती, रक्त ८ फूट ३ इंच वर चढले. १७३३ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. पारा रक्तापेक्षा तेरापट जड असल्याने आपले उपकरण टेबलावर मावते. आपले १२० म्हणजे रक्ताचा साधारण दीड मीटर उंच स्तंभ. मेंदू हृदयाच्या हातभर वर आहे, म्हणजे तिथे पोहोचेपर्यंत दाब कमी होतो, पण पुरतो. झोपेतून झटकन उठल्यावर अर्धा-एक लिटर रक्त पायांकडे उतरते आणि क्षणभर अंधारी येते. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या वयस्करांनी रात्री लघवीला उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसावे. माझ्या रुग्णांतली खुब्याची हाडे बहुतेक याच वेळी मोडली आहेत.

परतीचा रस्ता: पोटऱ्यांचे काम

जाताना हृदयाचा जोर असतो. येताना पायातले रक्त चढावर न्यायचे असते आणि मागून ढकलणारा दाब जवळजवळ संपलेला असतो. इथे पोटऱ्यांचे स्नायू मदतीला येतात. चालताना ते आवळतात, मधल्या नीला पिळल्या जातात आणि झडपांमुळे रक्त वरच जाते. न हलता उभे राहिले तर घोट्याजवळच्या नीलेत दाब ९० च्या आसपास असतो. चालू लागल्यावर तो तिशीच्या खाली येतो.

सोसायटीचे वॉचमन, वाहतूक पोलीस, पोळीभाजी केंद्रात दिवसभर तव्यासमोर उभ्या राहणाऱ्या बायका, यांच्या पायांवर फुगलेल्या, वेटोळ्या नीला दिसतात त्या यामुळेच. घोट्याजवळची कातडी काळी पडते, खाजते, छोटी जखम महिनोन्महिने भरत नाही. त्यांना मी सांगते, उभे राहणे टळत नसेल तर दर काही मिनिटांनी टाचा उचला-टेका आणि घरी पाय उशीवर ठेवा. "हृदयाला सूज आहे का?" असे ते घाबरून विचारतात. दोन्ही पायांना सूज, झोपल्यावर दम आणि वजन झपाट्याने वाढणे हे एकत्र असेल तर हृदय नक्की तपासावे. फक्त संध्याकाळी घोटे सुजत असतील आणि सकाळी उतरत असतील तर बहुतेकदा कारण नीलांत किंवा बीपीच्या एखाद्या गोळीत सापडते.

रक्ताचा रस्ता माहीत असला की अशा बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते आहे. नीलेत गुठळी झाली असेल तर ती सुटून कुठे जाईल? उजव्या अलिंदात, उजव्या निलयात आणि तिथून फुप्फुसात. म्हणून एकदम दम लागला तर ही तातडी आहे आणि म्हणूनच असा पाय चोळायचा नाही. उलट, ठोके अनियमित पडण्याच्या विकारात डाव्या अलिंदात गुठळी होते. ती सुटली तर महारोहिणीतून मेंदूत जाऊ शकते आणि अर्धांगवायू होतो. अशा रुग्णाला रक्त पातळ करण्याची गोळी देतात ती यासाठी. "मला छातीत काही होत नाही, मग कशाला घेऊ?" याचे उत्तर या रस्त्यात आहे.

जन्माआधीचा वेगळा रस्ता

पोटातले बाळ फुप्फुसाने श्वास घेत नाही, प्राणवायू वारेतून येतो. म्हणून त्याच्या हृदयात दोन आडवाटा असतात: अलिंदांमधल्या पडद्यात एक खिडकी आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीपासून महारोहिणीत जाणारी एक नळी. पहिल्या रडण्याबरोबर फुप्फुसे उघडतात, दाब बदलतात, खिडकीचे दार लागते आणि नळी एक-दोन दिवसांत आवळते. दर हजार बाळांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष राहतो. सगळ्यात जास्त दिसणारा दोष म्हणजे निलयांमधल्या पडद्यातले छिद्र. काही छिद्रे आपोआप बुजतात, काहींना शस्त्रक्रिया लागते. दूध पिताना बाळाला कपाळावर घाम येत असेल, थांबून थांबून पीत असेल, वजन वाढत नसेल, रडताना ओठ निळे पडत असतील तर वाट पाहू नका. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया विनामूल्य होतात. अंगणवाडी-शाळांत होणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीतूनही पुढची सोय होते.

हृदयाचे स्वतःचे जेवण

दिवसाला हजारो लिटर रक्त आतून जात असले तरी हृदयाच्या स्नायूला ते तिथून घेता येत नाही. महारोहिणी सुरू होताच तिला दोन बारीक फाटे फुटतात, त्या कोरोनरी रोहिण्या. हृदयाचे वजन शरीराच्या अर्धा टक्का, पण विश्रांतीतही ते पाच टक्के रक्त स्वतःसाठी घेते. इतर अवयव रक्तातला थोडाच प्राणवायू काढून घेतात. हृदय विश्रांतीतच सत्तर टक्क्यांच्या आसपास काढते. म्हणजे शिल्लक फार नाही. जिना चढताना गरज वाढली तर जास्त रक्त येणे हाच एक मार्ग. वाहिनी चरबीच्या थराने अरुंद झाली असेल तर बसल्यावर काही नाही आणि स्टेशनचा जिना चढताना छाती आवळते, थांबल्यावर पाच मिनिटांत बरे वाटते. हा अंजायना. ही इतकी बोलकी तक्रार आहे की ती नीट सांगितली तर अर्धे निदान तिथेच होते.

हार्ट अटॅकमध्ये वेगळे घडते. चरबीच्या थराला चीर पडते, तिच्यावर काही मिनिटांत गुठळी बनते आणि वाहिनी बंद होते. चीर पडणारा थर आधी फार मोठा असतोच असे नाही, त्यामुळे कालपर्यंत व्यायाम करणाऱ्यालाही अटॅक येतो. पुढचा स्नायू अर्ध्या तासात मरू लागतो आणि मेलेला स्नायू परत येत नाही. लवकर वाहिनी उघडली तर ईएफ साठच राहू शकतो, दुसऱ्या दिवशी पोहोचलेल्या माणसाचा पस्तीसवर येतो. मग पुढचे सगळे आयुष्य त्या पस्तीसवर काढायचे असते.

लेखाच्या सुरुवातीला गॅसचा उल्लेख केला. माझ्या लक्षात राहिलेल्या एक मावशी आहेत, पंचावन्नच्या, पंधरा वर्षांचा मधुमेह. गौरी-गणपतीच्या दिवसांत जबडा आणि पोटाचा वरचा भाग दुखत होता, मळमळ, घाम. छाती दुखतच नव्हती. घरात पाहुणे, म्हणून दोन दिवस पित्ताची गोळी घेऊन त्या उभ्या राहिल्या. मधुमेहात वेदना सांगणारे मज्जातंतू बोथट होतात, बायकांतही लक्षणे अशी आडवळणाची असू शकतात. त्या वाचल्या. पण आज त्यांचा ईएफ ३५ आहे आणि एक मजला चढताना त्या दोनदा थांबतात.

म्हणून: छाती, जबडा, हात, पाठ किंवा बेंबीच्या वर, यांपैकी कुठेही दाबल्यासारखे दुखणे पंधरा मिनिटांहून जास्त टिकले, सोबत घाम किंवा दम असेल, तर १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका राज्यभर विनामूल्य आहे. स्वतः गाडी किंवा स्कूटर चालवत जाऊ नका. आधीच फोन करून ईसीजी आणि अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या रुग्णालयातच जाता येते का ते विचारा, तीन ठिकाणी फिरण्यात तास जातो. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा अल्सरमधून रक्तस्राव झालेला नसेल तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खावी, आख्खी गिळू नये. पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि दुखणे सुरूच असेल तर घरी परत येऊ नका. तो पुन्हा काढावा लागतो, रक्ताची ट्रोपोनिन तपासणीही काही तासांच्या अंतराने पुन्हा करावी लागते.

जिभेखालच्या सॉर्बिट्रेटबद्दल लोक नेहमी विचारतात. पोटातून शोषलेले औषध आधी यकृतात जाते आणि तिथे त्याचा मोठा भाग नष्ट होतो. जिभेखालून ते थेट नीलेत जाते, म्हणून काही मिनिटांत काम करते. ते रक्तवाहिन्या सैल करते आणि बीपी खाली आणते. आधीच बीपी कमी असेल, चक्कर येत असेल किंवा गेल्या दोन दिवसांत सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली असेल तर ते जीवावर बेतू शकते. शेजाऱ्याच्या डब्यातली गोळी घेऊ नका. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला लिहून दिली असेल तरच, आणि बसून घ्या, उभे राहून नाही.